वाचनालयाकडे काय मागावे आणि कसे मागावे: कोल्हापुरातील सभासदांसाठी

कोल्हापुरातील अनेक घरांत वाचनालयाचे सभासदत्व दागिन्यासारखे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येते. आजोबांच्या नावाचे कार्ड वडिलांच्या खिशात जाते आणि पुढे सूनबाईंच्या पर्समध्ये स्थिरावते. मात्र इतक्या वर्षांत देवघेवीच्या टेबलाशी जे बोलणे होते ते बहुधा दोन वाक्यांपलीकडे जात नाही. "हे जमा करून घ्या" हे पहिले वाक्य आणि "नवीन काय आलंय?" हे दुसरे. यांतील दुसऱ्या प्रश्नाने वाचकाचे जितके नुकसान होते तितके फाटक्या पुस्तकानेही होत नाही, असे माझे मत आहे. हा प्रश्न ऐकला की ग्रंथपाल टेबलावर पडलेले सर्वांत ताजे पुस्तक पुढे सरकवतात, वाचक ते घेऊन जातो आणि पंधरा दिवसांनी अर्धवट वाचून परत आणतो. वाचनालयाच्या बहुतेक सेवा कोठे लिहून टांगलेल्या नसतात, त्या मागाव्या लागतात. त्या कशा मागाव्यात, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

या शहराला वाचनालयांची सवय जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'कनवा', १८५० मध्ये सुरू झाले. देश स्वतंत्र होण्यापूर्वीच, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. आज लागू असलेला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी होते आणि त्यानुसार त्यांना वार्षिक अनुदान मिळते. ही माहिती केवळ अभिमानासाठी सांगत नाही. आपल्या पेठेतील किंवा गावातील वाचनालय बहुधा सरकारी खाते नसून स्थानिक मंडळींनी नोंदवलेली संस्था असते, तिला कार्यकारी मंडळ असते, कार्यवाह असतात आणि वार्षिक सर्वसाधारण सभाही होते. म्हणून सभासदाची मागणी ऐकून घेणारा कोणीतरी तेथे नेहमीच असतो. ती मागणी योग्य ठिकाणी पोहोचवणे मात्र सभासदाच्या हातात आहे.

सभासद होताना

छायाचित्र, ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत, अनामत आणि वर्गणी एवढ्यावर काम होते. काही जुन्या वाचनालयांत ओळख म्हणून एखाद्या विद्यमान सभासदाची सही लागते, त्यामुळे अर्ज घरी आणून शेजाऱ्यांकडून सही घेऊनच जावे. अनामत ही वर्गणी नव्हे. सभासदत्व सोडताना ती परत मिळते, परंतु त्या वेळी मूळ पावती मागितली जाते. ही पावती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, कारण वीस वर्षांनी ती शोधण्याची वेळ येते तेव्हा घरात आणखी कोठेही ती सापडत नाही.

अर्ज भरतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. एका वेळी किती पुस्तके आणि किती मासिके मिळतात, मुदत फोनवर वाढवून मिळते का, आणि आपल्या वर्गणीत बालविभाग, दिवाळी अंक व अभ्यासिका यांपैकी काय धरलेले आहे. नियम वाचनालयागणिक निराळे असल्याने दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. वर्गणी परवडत नसेल तरीही मागे फिरण्याचे कारण नाही. वर्तमानपत्रांचे टेबल बहुतेक ठिकाणी सर्वांसाठी खुले असते आणि तेथे बसून वाचण्यासाठी कार्ड लागत नाही. सकाळी आठच्या सुमारास या टेबलाभोवती जी निवृत्त मंडळी बसलेली असतात त्यांच्याकडून अग्रलेखाचे पान मिळवणे हे वेगळेच कौशल्य आहे. ते येथे शिकवता येणार नाही.

कपाटापर्यंत पोहोचणे

काही वाचनालयांत सभासदांना कपाटांमध्ये फिरू देतात, तर काही ठिकाणी पुस्तक मागवून घ्यावे लागते. फिरण्याची मुभा असेल तर पहिल्या भेटीत एकही पुस्तक घेऊ नये, केवळ रचना पाहावी. लहान वाचनालयांत कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवास, धार्मिक असे सरळ विभाग असतात. मोठ्या ठिकाणी पुस्तकाच्या पाठीवर आकडे दिसतात आणि ते बहुधा ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणाचे असतात. त्या पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आहे. त्यापुढे १ आला तर कविता, २ आला तर नाटक आणि ३ आला तर कथा-कादंबरी समजावी. एवढे चार आकडे लक्षात ठेवले तरी अनोळखी ग्रंथालयातही आपल्या कपाटासमोर थेट जाऊन उभे राहता येते.

कपाटे बंद असतील तर सूची पाहावी लागते. ती वहीत, कार्डांच्या खणात किंवा संगणकावर असते. येथे मराठीची एक अडचण आड येते. संगणकावर नोंद करणाऱ्याने लेखकाचे आडनाव ऱ्हस्व लिहिले की दीर्घ, आद्याक्षरांत टिंबे दिली की नाहीत, शीर्षकातील जोडशब्द जोडून लिहिला की तोडून, यावर पुस्तक सापडणे अवलंबून असते. एका प्रकारे शोधून 'नाही' असे उत्तर आले तर पुस्तक नाही असे मानू नये. शीर्षकातील सर्वांत साधा, जोडाक्षर नसलेला शब्द टाकून पुन्हा शोधावे. त्यानंतरही न सापडल्यास टेबलाशी जावे आणि संगणकात नोंद होण्यापूर्वीची दाखल नोंदवही, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन टिपून ठेवण्याची वही, पाहता येईल का, असे विचारावे. जुनी पुस्तके अनेकदा तेथेच सापडतात.

पुस्तक हाती आल्यावर मलपृष्ठावरील मजकुराआधी शेवटच्या पानाला डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. निळ्या-जांभळ्या शाईचे शिक्के त्या पुस्तकाचा सगळा प्रवास सांगतात. वर्षभरात दहा शिक्के आणि नंतर सात-आठ वर्षे काहीच नाही, असे असेल तर ते पुस्तक त्या वेळी गाजलेले आणि आता विसरलेले असते. एकाच सभासद क्रमांकापुढे ओळीने तीन तारखा दिसल्या तर कोणीतरी मुदत वाढवून घेत ते चिकाटीने वाचले आहे, म्हणजे पुस्तक अवघड असले तरी सोडवत नाही, असा अर्थ लावता येतो. बारकोड आल्यापासून या चिठ्ठ्या कोऱ्या राहू लागल्या आहेत. देवघेव झटपट होते, पण वाचकांनी वाचकांसाठी न कळत केलेली ही शिफारस मात्र बंद झाली, याची मला हळहळ वाटते.

शिफारस कशी मागावी

ग्रंथपालांना आपली आवड सांगताना विशेषणे वापरू नयेत. "काहीतरी छान द्या", "हलकंफुलकं द्या" यातून काहीच निष्पन्न होत नाही. मागील तीन पुस्तके सांगावीत, त्यांपैकी कोणते पूर्ण झाले आणि कोणते कोणत्या पानाशी सोडले हेही सांगावे. सोडलेले पुस्तक अधिक उपयोगी ठरते, कारण कंटाळा नेमका कशाचा आला हे त्यातून समजते. मोठ्या वर्णनांचा आला, बोलीभाषेचा आला की बारीक टंकाचा आला, यावर पुढची निवड पूर्ण बदलते. डोळ्यांचा त्रास असेल तर तो न संकोचता सांगावा. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्यांमधील अक्षरांच्या आकारात पुष्कळ फरक असतो आणि कोणती आवृत्ती मोठ्या टंकाची आहे हे टेबलामागच्या माणसाला ठाऊक असते.

दुसरी पद्धत प्रदेशाचा धागा धरण्याची आहे. कोल्हापूरच्या वाचकाला ती विशेष सोयीची पडते, कारण हा जिल्हा मराठी गद्यात चांगलाच मुरलेला आहे. उदाहरणार्थ, कागलच्या आनंद यादवांच्या 'झोंबी'पासून सुरुवात करावी. शिक्षणासाठी घराशी आणि परिस्थितीशी झगडणाऱ्या मुलाच्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती आवडली तर त्याच जिल्ह्याच्या मातीतील राजन गवस यांच्या 'तणकट'कडे वळावे, तिला हाच पुरस्कार २००१ मध्ये मिळाला, आणि तेथून कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'पर्यंत यावे, जिला तो २०२३ मध्ये मिळाला. या क्रमाने वाचल्यास गावाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली हे कोणी समजावून न सांगता दिसते. पुराणकथेकडे ओढा असलेल्यांनी वि. स. खांडेकरांची 'ययाति' आणि आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' लागोपाठ वाचावी. मराठीतील पहिले ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले आणि त्यांची अनेक वर्षे कोल्हापुरात गेली. लागोपाठ वाचण्याचे कारण एवढेच की महाभारतातील पात्रांच्याच तोंडून कथा सांगणे दोघांनी किती वेगळ्या रीतीने केले आहे, हे मध्ये सहा महिने गेले की लक्षात राहत नाही.

हवे असलेले पुस्तक वाचनालयात नसेल तर तोंडी सांगून थांबू नये. बहुतेक ठिकाणी मागणी वही असते. तीत लेखक, पूर्ण शीर्षक, प्रकाशक आणि किंमत लिहावी. खरेदीची यादी करणाऱ्या समितीपुढे अर्धवट नोंदी बाजूला पडतात, हे मी समितीत बसणाऱ्यांकडूनच ऐकले आहे. एकाच पुस्तकाखाली तीन-चार निरनिराळ्या सभासदांच्या सह्या असतील तर ते आणले जाण्याची शक्यता बरीच वाढते.

संदर्भ विभागातील प्रश्न

घरी न मिळणाऱ्या ग्रंथांचे कपाट म्हणजे संदर्भ विभाग, आणि सर्वसामान्य सभासद तेथे सहसा फिरकत नाही. या विभागाचा उपयोग प्रश्न किती नेमका आहे यावर ठरतो. एक उदाहरण देतो. शालेय निबंधासाठी नातीला घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी "शाहू महाराजांवर काही आहे का?" असे विचारले. समोर चरित्रांचा ढीग आला आणि नात घाबरली. ग्रंथपालांनी तिलाच विचारले, "निबंधात नेमकं काय लिहायचंय बाळा?" तिने आरक्षणाचे नाव काढले. तेव्हा ढीग बाजूला झाला आणि २६ जुलै १९०२ च्या, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या आदेशाचा मजकूर ज्या ग्रंथात होता तेवढा एकच ग्रंथ उघडून तिच्यापुढे ठेवला गेला. दहा मिनिटांत तिने पाऊण पान उतरवून घेतले. प्रश्नात व्यक्ती, घटना आणि शक्य असल्यास वर्ष या तीन गोष्टी असल्या की संदर्भ विभागातील काम असेच लवकर होते.

या विभागात कोणते ग्रंथ आहेत हे एकदा पाहून ठेवावे. सात विभागांचा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश आणि मराठी विश्वकोश ही नेहमी लागणारी साधने आहेत. जिल्ह्यासंबंधी काही शोधायचे असेल तर १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरबद्दल जरूर विचारावे. गावे, पिके, बाजार, रस्ते यांची त्यातील माहिती इंग्रजीत आहे, पण आपल्या गावाचे नाव तेथे जुन्या वळणाने छापलेले पाहण्यासाठी इंग्रजी फार यावे लागत नाही. विश्वकोश आता मोबाइलवरही वाचता येतो आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्यांना हे जमत नाही त्यांनी वाचनालयाच्या संगणकावर करून देण्याची विनंती करावी, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

अभ्यासिका

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासिकेविषयी फार सांगावे लागत नाही, जागा कधी भरतात हे त्यांनाच अधिक ठाऊक असते. एवढेच सुचवावेसे वाटते की दिवसभर अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी शेजारच्या नियतकालिकांच्या दालनात क्वचितच जातो. 'लोकराज्य' आणि 'योजना' या सरकारी मासिकांचे मागील अंक, तसेच वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली तेथे ठेवलेल्या असतात. चालू घडामोडींच्या तयार पुस्तिकांपेक्षा मूळ बातमी वाचून काढलेली टिपणे परीक्षेत अधिक टिकतात.

दिवाळी अंक, मुले आणि कार्यक्रम

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ मध्ये 'मनोरंजन'पासून सुरू झाली आणि वाचनालयांच्या वर्षातील सर्वांत धावपळीचा काळ आजही तोच आहे. पुष्कळ ठिकाणी थोडी वेगळी रक्कम भरून दोन-तीन महिने अंक फिरवून वाचण्याची योजना असते. नाव दसऱ्यापूर्वी नोंदवावे. पहिल्या आठवड्यात सर्वांना तेच चार नावाजलेले अंक हवे असतात, तेव्हा त्यांच्यामागे न लागता लहान गावांतून निघणारे किंवा एकाच विषयाला वाहिलेले अंक आधी घ्यावेत. गाजलेले अंक डिसेंबरात निवांत मिळतात आणि तोपर्यंत त्यांतील कोणता मजकूर वाचण्यासारखा आहे हेही कानावर आलेले असते.

बालविभागात पालकांनी दाराबाहेर थांबावे, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. मुलाने तेच चित्रांचे पुस्तक चौथ्यांदा उचलले तरी ते घेऊ द्यावे. मे महिन्यात येथे बरीच वर्दळ असते, म्हणून सुट्टीतील शिबिराची चौकशी परीक्षा सुरू असतानाच करावी.

कार्यक्रमांचे बरेचसे दिवस ठरलेले आहेत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्याखेरीज व्याख्यानमाला असतात आणि पुस्तक प्रकाशने तर वर्षभर चालू असतात. व्याख्यानाला जाण्याआधी वक्त्याचे एखादे पुस्तक मागून घ्यावे आणि व्याख्यानानंतर लगेच विषयावरील पुस्तकाची मागणी नोंदवावी, कारण दुसऱ्या दिवशी त्याच पुस्तकासाठी रांग लागते. स्वतः वाचन गट सुरू करायचा असेल तर कार्यवाहांच्या नावे साधा अर्ज द्यावा आणि त्यात वार, वेळ, अंदाजे संख्या व लागणारी जागा लिहावी. आठ-दहा माणसे पुरेशी होतात. अशा गटांची सर्वांत मोठी चूक म्हणजे कादंबरी निवडणे. वाचनालयात तिच्या एक-दोनच प्रती असतात, त्यामुळे सभेच्या दिवशी दोघांनी वाचलेले असते आणि बाकीचे चहाची वाट पाहतात. कथा निवडावी. ती तेथेच मोठ्याने वाचता येते आणि न वाचून आलेल्यालाही बोलता येते.

पुस्तकाची निगा आणि देणगी

कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेता जून ते सप्टेंबर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीशिवाय घराबाहेर काढू नये. हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. कॉलेजात असताना वाचनालयाचा एक जाड कथासंग्रह सायकलच्या कॅरिअरवर भिजला. तो मी कोणाला न सांगता चुलीजवळ वाळवला, त्याची पाने लाटांसारखी उभी राहिली, पुठ्ठा वाकला आणि मुदत टळून गेल्यावर तो टेबलावर ठेवताना मान वर झाली नाही. ग्रंथपालांनी दंडाची पावती फाडली आणि एवढेच म्हणाले, "ओला होता तेव्हाच आणला असतास, तर वाचला असता." तेव्हापासून माहीत झाले की भिजलेले पुस्तक उन्हात किंवा विस्तवाजवळ नेऊ नये. ते किंचित उघडून उभे करावे, थोड्याथोड्या पानांआड कोरा टिपकागद किंवा टिश्यू ठेवावा, पंखा चालू करावा आणि कागद ओला होईल तसा बदलत राहावा. वर्तमानपत्राचा कागद घालू नये, कारण त्याची शाई उतरू शकते. गुळगुळीत कागदाची, चित्रांची पाने एकमेकांना चिकटतात, ती सुटी करण्याचा प्रयत्न घरी करू नये, पुस्तक तसेच ताबडतोब नेऊन द्यावे.

पुस्तक हरवल्यास त्याच आवृत्तीची प्रत आणून देता येईल का, हे आधी विचारावे. काही ठिकाणी ती स्वीकारतात, काही ठिकाणी छापील किमतीच्या पटीत रक्कम घेतात. रद्दीच्या दुकानात मिळालेली प्रत आणून देण्यापूर्वी तिची पाने चाळून पाहावीत. अनेक वाचनालये पहिल्या पानाखेरीज आतील एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात, आणि दुसऱ्या वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक आपल्या हातून जमा होणे शोभत नाही.

देणगीविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. घर बदलताना किंवा वडीलधारे गेल्यावर पुस्तकांची पोती थेट वाचनालयाच्या दारात आणून टाकली जातात. त्यांतील जुनी क्रमिक पुस्तके, वाळवी लागलेले खंड आणि ज्यांच्या चार प्रती आधीच आहेत अशा कादंबऱ्या कोणाच्याच उपयोगाच्या नसतात. आधी यादी करून न्यावी आणि काय हवे ते त्यांना निवडू द्यावे. त्या यादीत गावातील संस्थांच्या स्मरणिका, तालमीचे किंवा शाळेचे सुवर्णमहोत्सवी अंक, जुनी नाटकांची हस्तपत्रके आणि बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे अंक असतील तर त्यांवर खूण करावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा असा कितीतरी कागद लगदा होऊन गेला. जो माळ्यावर उरला आहे त्याची दुसरी प्रत कोठे असेलच असे नाही. देणगी दिल्यावर पोच मागावी आणि आपल्या पुस्तकांना कोणते दाखल क्रमांक मिळाले तेही विचारून घ्यावे, म्हणजे पुढे ती पाहायची झाल्यास शोधावी लागत नाहीत.

तक्रार असल्यास ती टेबलावरील कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून मिटत नाही, कारण वेळ, वर्गणी किंवा खरेदी यांचे निर्णय त्याच्या हातात नसतात. कार्यवाहांच्या नावे तारीख घालून पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. वार्षिक सभेची सूचना फलकावर लागते, ती पाहावी, वार्षिक अहवाल मागावा आणि त्यात पुस्तक खरेदीवर किती रक्कम खर्ची पडली तो आकडा वाचून मगच सभेत उभे राहावे. सभेला बहुधा पंधरा-वीस सभासद येतात. त्यामुळे आकडा हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नाला तेथे उत्तर मिळते आणि तो इतिवृत्तातही नोंदवला जातो.